निळी टेप

रविवारी दुपारी विद्याधर गुडघ्यांवर बसला
आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर
निळ्या टेपनं एक चौकोन काढला.
एक मीटर ऐंशी बाय नव्वद.
"हा ओटा. मधोमध. चारी बाजूंनी फिरता येईल."
मी फिरून पाहिलं.
फ्रिजचं दार उघडलं की ओट्याला आपटत होतं,
म्हणजे हवेला.
टेप सोलली, वीतभर डावीकडे चिकटवली.
उठताना त्यानं ड्रॉवरची मूठ धरली.

हडर्सफील्डच्या या चढावर सगळी घरं
खांद्याला खांदा लावून, धुरानं काळवंडलेल्या दगडाची.
भिंतीवर टकटक केली तरी पलीकडे
मिसेस हॉलरॉइड रेडिओ लहान करतात.

बुधवारी क्लाइव्ह आला, कानामागे पेन्सिल.
नारळ वाजवून घ्यावा तशी भिंत वाजवली,
खाली, वर, पुन्हा खाली.
पाडता येईल, म्हणाला,
पण हिच्या डोक्यावर तुमचा पलंग आहे,
भरलेला टब आहे, अख्खं धुराडं आहे.
लोखंडी तुळई लागेल.
चहा प्यायला, दोन बिस्किटं खाल्ली,
आकडा काही सांगितला नाही.
"ईमेल करतो," हे इतकं हळू म्हणाला
की आम्हाला कळायचं ते कळलं.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
पाडून पाहावं, असं कुणीच कसं म्हणून ठेवलं नाही?

रात्री ग्राफच्या वहीत तीन रकाने:
हवंच. हवं. बघू.
मला खिडकीखाली सिंक,
म्हणजे कुकर घासताना टेकडीवरचा बुरूज दिसेल.
आणि फोडणीचा ठसका खरोखर ओढून नेणारा पंखा,
नुसता गुणगुणणारा नको.
त्याला जिन्याखाली संडास.
"विकताना भाव येतो."
दार मात्र बाहेरच्या बाजूला उघडणारं काढलं.
बाहेर का?
"आत कुणी पडलं तर."
आणि नीट आलेली एक रेघ
त्यानं उगाच खोडून पुन्हा काढली.

तेवीस वर्षं आम्ही म्हणतोय, अजून पाचेक वर्षं, मग ठरवू.
पाचेक वर्षांसाठी कुणी तुळई घालत नाही.

ईमेल आला.
मधला ओटा "बघू"त गेला, सिंक गेलं,
भिंत आहे तिथेच राहिली, तुळईही नको.
पंखा उरला. संडास उरला.

टेप अजून फरशीवर आहे.
काल लीड्सहून सानिका आली,
फोनवर बोलत, न बघता
चौकोनाला वळसा घालून फ्रिजपाशी गेली.
मीही गरम कढई घेऊन वळसाच घालते.

आज त्यानं जिन्याखालची छत्र्या-बुटांची अडगळ उपसली,
रंगाचा डबा उपडा घातला, मान वाकवून त्यावर बसला.
"ये, तूही बसून बघ."
बसले.
गुडघे दाराला लागत नव्हते.
दार अजून नव्हतंच.
तो मापपट्टी आणायला वर गेला,
मी तिथेच, डब्यावर, पायऱ्या मोजत राहिले
डोक्यावरून जाणाऱ्या.
तेरा आहेत.
नवव्या पायरीवर
तो थोडा थांबला.