इतिवृत्त

तेवीस वर्षं मी या गावच्या सभेचं इतिवृत्त लिहितोय.
खरं सांगायचं तर आदल्या रात्रीच लिहून ठेवायचो,
शेगडीजवळ बसून, शाई गोठू नये म्हणून.
तारीख. हजर : गावकरी.
विषय एक ते सात. सर्वानुमते मंजूर.
सकाळी सभा व्हायची
ती फक्त कागद खोटा पडू नये एवढ्यासाठी.

नारिनच्या वर, जिथे मे महिन्यातही पाण्यावर साय धरते,
तिथला आमचा जुना क्लब.
खुर्च्या सोव्हिएत काळातल्या, सहा-सहाच्या ओळीत
जमिनीला स्क्रूने आवळलेल्या,
कुणी कुणाकडे तोंड करून बसू नये अशा बेताने.
दुसरी ओळ नाही.
ती ब्याण्णवच्या थंडीत जाळली.
अध्यक्ष वाचायचे,
आम्ही मम म्हणायचो,
आणि घरी जाऊन चहा प्यायचो.

त्या फेब्रुवारीत
दूध गोळा करणारी झिपारगुल उठली.
हातात शाळेची वही, मागच्या पानावर आकडे.
"इतर खर्च म्हणजे काय?"
अध्यक्ष म्हणाले, इतर म्हणजे इतर.
"माझ्या घरात इतर म्हणजे मीठ, काडेपेटी,
कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचा आहेर.
तुमचं इतर एकेचाळीस हजार सोमचं आहे."
कुणीतरी हसलं.
हसणं विरलं तेव्हा शेगडीतला कोळसा तडकलेला ऐकू आला.

"बस खाली, बाई."

"बसून बसूनच गुडघे गेले माझे."

आणि तिने वही वाचायला घेतली.
ओढ्यावर एकच ओंडका. बर्फ वितळायला लागलं की तोही पाण्याखाली.
पलीकडची अकरा मुलं, छत्तीस दिवस शाळेबाहेर.
तिने अकरा नावं वाचली, सावकाश,
दूध मोजताना वाचते तशी.
अंदाजपत्रकात पूल नव्हता.
वेशीवरच्या कमानीला नवा रंग होता
आणि वर बसवायला सिमेंटचा हिमबिबट्या.

मग मागून म्हातारा सातिबाल्दी उठला, कल्पाक हातात.
पुलाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही.
भावाने दाबलेलं कुरण, मेलेली गाय,
बंद पडलेला दिवा, परत गाय.
कुणी त्याला थांबवलं नाही.
इतकी वर्षं अडलेलं पाणी
आधी गढूळच येणार.
मग एकदम तिघं बोलायला लागले,
आणि माझीच बायको अनारकान उभी राहून
भर सभेत मला म्हणाली,
"हे सगळं लिहितोयस ना?"

माझ्यापुढे कालचा कागद होता.
सर्वानुमते.
मी त्यावर रेघ मारली. इतक्या जोरात, की
कागद फाटून खालच्या टेबलावर उमटली.
ती अजून आहे.

पूल झाला. म्हणजे, झाला म्हणायचं.
कठडा एकाच बाजूला, कारण लोखंड महागलं,
आणि कुठल्या बाजूला यावर दोन सभा भांडणात गेल्या.
कमानीवर बिबट्याही बसला,
मतं मोजून, अठरा विरुद्ध सोळा.
मांजरासारखा दिसतो.
मी सोळांतला. हेही नोंदवलं आहे.
एकेचाळीस हजारांतल्या नऊ हजारांचा
हिशेब अजून लागलेला नाही.
झिपारगुल दर सभेला विचारते,
अध्यक्ष दर सभेला म्हणतात, पुढच्या सभेत.
मी दोन्ही लिहितो.

आता इतिवृत्त सभा संपल्यावर लिहावं लागतं.
बोटं आखडतात. चहा निवतो.
हजर : गावकरी, असं लिहून भागत नाही,
नावं लागतात, सगळी, आणि आजारी असेल तर तेही.
घरी अनारकान दिव्याखाली ओळीवर बोट ठेवून
पान न् पान तपासते.
काल एका जागी थांबली.

"इथे 'अनारकान खोकली' असं लिहिलंयस."
"खोकलीस ना?"
"तो खोकला नव्हता," ती म्हणाली,
"हरकत होती."

मी पेन उघडलं.