हिरव्याच्या गाठी

नान्ना म्हणाले, थांब.
असं भसकन पाणी ओतायचं नसतं भुकटीवर.

मी थांबले.
गॅसवर पातेलं, ओट्यावर मॅचाचा डबा,
तळहाताएवढा, झाकणावर जपानी अक्षरं.
बाहेर नीलम नगरात दुपारचे तीन,
सोलापूरचा एप्रिल, लाइट गेलेली.
गल्लीतले माग थांबले की आमच्या घरात
चमचा ठेवल्याचासुद्धा आवाज होतो.

आधी थोड्या पाण्यात कालव, लापशीसारखं.
गाठी मोडल्या की मग वाढव.
उकळतं घेऊ नको, उकळत्यानं हिरवा मरतो.

मला याचं पुण्यात तीन दिवस ट्रेनिंग होतं,
थर्मामीटरसकट.
नान्नांनी पातेल्याच्या कडेला करंगळी टेकवली,
मनात काहीतरी मोजलं,
म्हणाले, उतरव.

एकवीस वर्षं रंगखात्यात.
लहानपणी मला वाटायचं
सगळ्यांच्याच वडिलांची नखं
सोमवारी निळी आणि गुरुवारी हिरवी असतात.

घुसळायला बांबूचा ब्रश लागतो, मी म्हटलं,
तो नाही आणला.
अम्मानं रवी पुढे केली, कपात मावेना.
काट्या-चमच्यानं फेस येईना.
नान्ना स्टुलावर चढले,
माळ्यावरून, जुन्या धोतरात गुंडाळलेली,
आजोबांच्या हातमागाची फणी काढली.
बांबूच्या काड्या, दोन काड्यांत धाग्यापुरतीच फट.
मी नको नको म्हणेपर्यंत
एक कड मोडलीसुद्धा.
वीसेक काड्या, उकळत्या पाण्यातून काढलेल्या,
सुताचे चार वेढे, वर विणकरी गाठ,
उरलेलं टोक दातानं तोडलं.

घुसळ आता. मनगटातून.
गोल नको. पुढं-मागं,
धोटा जातो तसं.

फेस आला. पोपटी, बारीक.
एक काडी निसटून त्यात तरंगायला लागली.
अम्मा वाकून म्हणाली,
कंबर तलावात उन्हाळ्यात येतं, तेच ना हे?
ग्लासात म्हशीचं दूध, निम्मा वितळलेला बर्फ,
आणि वरून मी ते हळूहळू सोडलं.

नान्ना ग्लास खिडकीशी धरून उभे राहिले.
पीत नव्हते. बघत होते
हिरवा पांढऱ्यात कसा उतरतो.
नजर न काढता, त्याच आवाजात विचारलं,
हिशेब चुकता केला का त्यांनी?

मी सुट्टीवर आलेय
असंच सांगितलं होतं.

शेवटच्या महिन्याचा नाही, मी म्हणाले.
हा डबा दिला.
माल चांगला आहे, नान्ना म्हणाले.
आम्हाला टॉवेल दिले होते. बारा डझन.

ते मला माहीत आहे.
त्यातल्याच एकानं मी ओटा पुसत होते.

अम्मानं तिच्या ग्लासात दोन चमचे साखर घातली,
मग तिसरा.
मेथी धुतलेलं पाणी, म्हणाली,
आणि तळातला बर्फसुद्धा चघळून संपवला.
तेवढ्यात लाइट आली,
सगळी गल्ली एकदम खडखडायला लागली,
नान्ना पुढं काय बोलले
ते ऐकू आलं नाही.

रात्री साडेबाराला नळ आला, चार दिवसांनी.
हंडे भरताना दिसलं,
तारेवर पांढऱ्या सुताची एक लडी,
टोकाला हिरवट.
सकाळी ती साबणात पिळलेली,
दुपारी उन्हात,
संध्याकाळी पुन्हा साबणात.

शेड बुक लोखंडी कपाटात असतं, फुगलेलं,
पानापानावर सुताचे तुकडे.
शेवटचं भरलेलं पान अकरा वर्षांपूर्वीचं.
आता त्याच्या पुढच्या पानावर
खळीनं चिकटवलेला बोटभर धागा,
जवळजवळ पांढराच,
आणि शेजारी त्यांच्या तिरक्या अक्षरात:

मॅचा. दूध म्हशीचं.
दोन धुण्यांत उतरला. रंग कच्चा.
वास चांगला.
पुन्हा करून पाहणे.