स्लीव्ह

बाहेर सत्तेचाळीस. आमच्या खोलीत वीस.
वर्षभर वीस, ईदला वीस, गणपतीत वीस.
शॉपमधून आलेली कुठलीही वस्तू
आधी रात्रभर ग्रॅनाइटवर मुरू द्यायची,
मग मोजायची.
गरम धातू खोटं बोलत नाही,
फक्त त्या वेळचं बोलतो.

सोहारच्या समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या पंपासाठी
ब्राँझची ही स्लीव्ह दस्तगीर मुजावरने कातली.
मिरजेचा. तीस वर्षं लेथवर.
फिनिश नखाने सांगतो.
ड्रॉइंगवर एक वर्तुळ, त्याला दोन्हीकडून
टेकलेल्या दोन तिरक्या रेघा,
पुढे शून्य दशांश शून्य दोन.
म्हणजे दोन नळ्या मनात आणायच्या,
एकाच आसावर, एकीत दुसरी,
दोन्ही निर्दोष, म्हणूनच कुठेही नसलेल्या.
आणि आपल्या खऱ्या वस्तूने
वरपासून खालपर्यंत त्या दोघींमधल्या
वीस मायक्रॉनच्या बोळात
अंग चोरून राहायचं.

दस्तगीरने मायक्रोमीटर लावला.
वर, मध्ये, खाली. पुन्हा काटकोनात फिरवून.
"बघा सायेब, केसभर फरक न्हाई."
खरंच नव्हता.
मी ती व्ही-ब्लॉकवर ठेवली,
डायलचा पाय टेकवला, बोटाने हळू फिरवली.
एका फेऱ्यात काटा
तीनदा उठला, तीनदा बसला.

व्यास सगळीकडे सारखा, आणि तरी गोल नाही.
दोन टोकांत धरून मोजलं
की हे कधीच कळत नाही.
चकाच्या तीन जबड्यांनी
आतून ताणून धरली होती तिला.
ताणात होती तोवर गोल.
सोडली, तशा तीन पाकळ्या उमलल्या.
दस्तगीर बराच वेळ काट्याकडे बघत राहिला.
"माझ्या हातानं झालं हे," म्हणाला,
"आता मॅन्ड्रेलवर घेतो. जबडा न्हाई लावत."

रात्री कुंदाचा फोन.
कसं आहे? बरं आहे.
पैसे पोचले? पोचले.
तुमच्याकडे उकडतंय? खोलीत नाही.
अकरा वर्षं दर गुरुवारी
आम्ही हा व्यास घेतो.
कधीच फरक येत नाही.

मग मागून ऋजुता, मला नाही, आईलाही नाही,
भांडी लावता लावता बोलावं तसं:
"बाबा आले की पहिले दोन दिवस
आपण तिघंही पाहुण्यांसारखे बसतो ना?"
कुंदा म्हणाली, काहीतरीच.
मी म्हणालो, अगं, रेंज जातेय.
रेंज चांगली होती.

सकाळी नवी स्लीव्ह आली, हाताला अजून ऊब लागणारी.
दस्तगीर दारातच उभा, चप्पल न काढता,
मोजा की सायेब, गाडी थांबलीये.
मी ती ग्रॅनाइटवर ठेवली,
खडूने वेळ लिहिली.
म्हटलं, आज नाही.
लांबून आलीये.