मिनिटाला किती

परळला, तिसऱ्या मजल्यावर, पंखा बंद करून
बर्फावरच्या काचेच्या बशीत मी मेंदू उघडते.
जेमतेम दोन ग्रॅम.
जायफळाएवढा म्हणावा, तर जायफळ जड भरतं.

घ्राणकंद आधी. मग बाह्यक, मग स्ट्रायटम.
हिपोकॅम्पस गऱ्यासारखा वळून सुटतो.
हायपोथॅलॅमस चिमटीत मावतो
आणि चिमटीतच हरवतो.
अनुमस्तिष्क शेवटी.
प्रत्येकाला चांदीच्या कागदाची पुडी,
पुडीवर पेन्सिलीने नाव, कारण उणे ऐंशीला
शाईचा भरवसा नाही.

ज्याच्या मागे मी चार वर्षं आहे ते पाच मण्यांचं :
टायरोसिन, ग्लायसिन, परत ग्लायसिन,
फेनिलॲलनिन, मेथिओनिन.
शरीर स्वतःच ओवतं, दुखण्यावर स्वतःच बांधतं
आणि स्वतःच कात्री घेऊन बसतं.
एक कात्री पहिला मणी काढते.
दुसरी तिसऱ्या-चौथ्याच्या मधे चालते.
मला मोजायचंय इतकंच : कुठल्या भागात किती,
मिनिटाला, मिलिग्रॅम प्रथिनामागे.

घाडीकाका पिंजरे धुतात.
उंदीर उचलताना म्हणतात, ये गो बाये.
नर असला तरी बायेच.
त्यांचा पुतण्या महापालिकेत, रात्रपाळीला,
काठी आणि बॅटरी घेऊन लालबागच्या गटारांपाशी.
सकाळी गोण उपडी करून मोजून द्यायची,
आकडा भरला नाही तर रोज बुडाला.
"तुमचं बरंय मॅडम," तो एकदा म्हणाला,
"तुमचं सहात भागतं."

काकांची दाढ काढली त्या आठवड्यात
ते गाल धरून माझ्या पडद्यासमोर उभे राहिले.
सगळ्यात लवकर खंय तुटतां?
स्ट्रायटममधे.
आणि सावकाश?
अनुमस्तिष्कात. चालताना तोल धरतो तो भाग.
"म्हणान कितीय दुखलां तरी माणूस चालता."
तसं नसतं काका, मी म्हटलं.
दोन्हींचा संबंध नाही.
निदान माझ्या तक्त्यात तरी नाही.
ते काही बोलले नाहीत. बादली उचलून
लादी पुसायला गेले.

रात्री आकडे उतरवताना चौथ्याची
हायपोथॅलॅमसची पुडी सापडेना.
फ्रीजर पाहिला, बर्फाची पेटी, कचऱ्याची पिवळी पिशवी.
चौथा म्हणजे तो, जो हातात थरथरत होता
आणि काकांनी विचारलं होतं, काय दुखतां तुका?
शेवटी लिहिलं : हायपोथॅलॅमस, पाच उंदीर. इतरत्र सहा.
तळटीप द्यावी लागेल.

दिवा घालवायला उठले तेव्हा दिसली
बाकावर बर्फाबाहेर राहिलेली एक नळी,
खोलीइतकी कोमट.
उंदीर जाऊन नऊ तास झाले होते.
आत कात्री
अजून चालू होती.