चार बोटं

तिबिलिसी, फेब्रुवारी. हीटर खोकतोय.
लामारा स्टुलावर उभी, मी जमिनीवर,
तोंडात टाचण्या.

आमच्या नाचात बाई तरंगते म्हणतात.
झग्याखालची पावलं कुणी पाहिलीच नाहीत.
मी पाहिली:
अंगठ्याचं नख काळं,
टाचेला पट्टी, तीही जुनी.

घेर चार बोटं वर घेतला.
कॅमेऱ्यामागून झुराब म्हणाला, जादू जाईल.
तोंडातल्या टाचण्यांनी मला बोलू दिलं नाही.

पाठीवरचे बंदही पुढे आणलेत, लामारा.
घालताना कुणाला हाक मारायला नको,
काढतानाही.

ती उतरली. एकच गिरकी.
लाकडी फरशीवर पहिल्यांदा
तिच्या पावलांचा आवाज झाला,
आणि झुराबनं माईकवाल्या पोराला
हातानंच खुणावलं:
खाली धर,
अजून खाली.