सात मिनिटं

रात्री सव्वा वाजता
सतारमेकर गल्लीत फक्त माझा दिवा असतो.
छताला टांगलेले चार भोपळे,
पायाशी तुणाच्या लाकडाचा तांबूस भुसा,
आणि सरसाच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल.
पडद्याला भेग आहे,
ती बरोबर मैदानाच्या मधल्या रेषेवरून जाते.

तिथं, फ्रान्सच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये,
एक पोरगं बाकावर बसलंय.
लुसियां तुंकारा. वय वीस. नंबर अठ्ठावीस.
गुडघ्यावर ब्लँकेट.

मला फ्रेंच येत नाही.
समालोचक बोलतो त्यातली नावं तेवढी कळतात,
आणि याचं नाव येत नाही.
पण दोन वर्षांपूर्वी एका धुकट मॅचमध्ये
मी पाहिलं होतं:
चेंडू यायच्या आधी त्यानं दोनदा मान वळवली,
इकडं, तिकडं,
स्टेशन रोड ओलांडणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
मग चेंडू आला
आणि पायात थांबलाच नाही.
कुठं जायचं ते त्याला आधीच सांगून ठेवल्यासारखा.

मीपण खेळलोय. मधेच.
मिरजेच्या लाल मातीवर, रेल्वेच्या टीमविरुद्ध,
उसने बूट, अंगठ्याला चिंधी.
घरी विचारायचे, गोल किती मारलेस?
मधल्याला हा प्रश्न विचारायचा नसतो.
अब्बांना एकदा समजावलं,
तरफेच्या तारा असतात ना, तसं.
त्यांना कुणी बोट लावत नाही,
पण त्या नसल्या तर सतार म्हणजे
खुंट्या मारलेली काठी.
अब्बा म्हणाले, मग बस इथं आणि त्याच लाव.
तेव्हापासून बसलोय.

मग त्याचा गुडघा गेला.
मग मोठ्या क्लबनं त्याला लोनवर धाडला.
लोन म्हटल्यावर चहावाला रसूल हसला,
माणूस पण व्याजानं देतात व्हय तिकडं?
देतात, म्हटलं.
एक हंगाम बेल्जियमला,
एक कुठल्याशा बंदराच्या गावाला.
परत आला तर त्याच्या जागी
दुसरंच कुणीतरी उभं होतं.
त्याची एक मुलाखत सापडली.
मोबाईलनं मोडकं मराठी करून दिलं:
“मी वाट पाहण्याचा व्यवसाय करत आहे.”
ते वाक्य मी खडूनं फळीवर लिहून ठेवलं.
गिऱ्हाईकं वाचतात, विचारत नाहीत.

जवारी अशीच असते.
कानस फिरव, तार चढव, ऐक, उतरव.
परत कानस. दिवस जातो.
एक हात जास्त बसला की आवाज फाटतो,
आणि घासलेलं हाड परत भरत नाही.
वीस वर्षांच्या गुडघ्यावर
किती हात मारायचे
हे तिकडं कोण ठरवतं?

त्र्याऐंशीव्या मिनिटाला तो उठला.
ब्लँकेटची नीट घडी घातली, बाकावर ठेवली.
मी कानस खाली ठेवली.

नऊ वेळा चेंडू पायाला लागला, मोजलाय मी.
आठ पास आडवे, मागे,
भाकरी शेजाऱ्याकडं सरकवावी तसे.
नववा मात्र
दोघांच्या मधून, गवताला न विचारता, सरळ.
पुढच्यानं तो आभाळात मारला.
कॅमेरा पुढच्यावर: डोकं धरलेलं, दात, घाम.
तुंकारा चौकटीबाहेर,
आपल्या जागेवर परत पळत असणार.
मधल्याला हळहळायला वेळ नसतो.

समालोचकानं तेवढ्यात एकदा नाव घेतलं.
मी ते मोठ्यानं म्हटलं, रिकाम्या दुकानात, तुंकारा!
आणि भिंतीला टेकवलेली,
गुरुवारी धारवाडला जायची सतार
किंचित बोलली.
चमत्कार नाही यात.
आवाज झाला की तरफा बोलतातच.

एक तेवढी उतरलेली वाटली, पंचमाची.
तिला वर घेतली,
मग शटर ओढलं.