पाच किलो सहाशे

लेआर्कोकडे वजनासाठी फक्त बॅगा तोलायचा काटा आहे,
हुकाचा,
विमानाने कधीच कुठे न गेलेल्या माणसाचा.
त्याला तो लाल सायकल अडकवतो,
एक डोळा मिटून आकडा बघतो
आणि काही बोलत नाही.
मीच वाचते मग : दहा किलो चारशे.

निवेस साडेसोळा किलोंची.
मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी मोजे काढायला लावून मोजलं.
मला हिशोबाची खोड आहे,
टपाल वाटणारीला असतेच.
तिच्या जागी मी असते, तर ही सायकल
मला चाळीस किलोंची पडली असती.
चाळीस!
माझी टपालाची, पुढे पेटी, मागे पेटी,
तीसुद्धा रिकामी असली की पंचविसावर जात नाही.

पण लालला टोपली आहे,
टोपलीवर प्लॅस्टिकचं फूल,
मागे बाहुलीला बसायला खुर्ची
आणि घंटी.
निवेसने ती एकोणीसदा वाजवून झाली आहे,
शेजारचा न्हावी दोनदा दारात येऊन गेला.

भिंतीशी दुसरी. करडी, वापरलेली.
चौकटीखाली खिळ्याने कोरलेलं : तुल्यो.
तुल्यो आता कुठे असतो, विचारलं तर
लेआर्को हाताने उंची दाखवतो,
स्वतःच्या डोक्याच्याही वर.
पाच किलो सहाशे.
ब्रेक चिमुकल्या बोटांच्या कवेतला,
साखळीला झाकण, फूल नाही.

ही हलकी आहे, मी म्हणते.
आणि म्हणताना मलाच तो शब्द पडेल वाटतो.
हलक्या प्रतीचं कापड, हलक्या कानाचा माणूस,
पाच वर्षांच्या मुलीला कुणी काय म्हणून
हलकं घ्यायला सांगावं?
ती माझ्याकडे बघते,
स्वस्तात उरकतेय की काय, अशी.

मग तिने जे केलं ते मला सुचलं नसतं.
दोन्ही सायकली तिने फरशीवर निजवल्या,
म्हणाली, मी पडले,
आणि खरोखरच पडली, लालच्या शेजारी.
उठली. हँडल धरलं. ओढलं.
लाल गुडघ्यापर्यंत आली
आणि तिला घेऊन परत खाली बसली.
लेआर्को पुढे सरकला, मी त्याची बाही धरली.
दुसऱ्यांदा पडली ती करडीपाशी.
करडी उठली.
दोघी एकदमच उठल्या,
कुणी पाहिलं तर नाही ना, अशा.

गेल्या जानेवारीत, गोट्यांच्या गल्लीत,
धुकं इतकं की स्वतःचं पुढचं चाक दिसेना,
मी घसरले.
पत्रं गटाराकडे, सायकल अंगावर,
आणि ती मला उचलेना.
कुणीतरी येईपर्यंत बसून राहिले,
लोकांची विजेची बिलं
कोटाला पुसत.
हे मी घरी सांगितलं नव्हतं.

निवेसने घंटी मागितली. लालची, फक्त घंटी.
लेआर्कोने ती काढून करडीला बसवली,
लालच्या दांड्यावर एक स्वच्छ कडं उरलं.
घंटीचे किती?
नव्वद ग्रॅम, तो म्हणाला,
आणि पैशांचं काहीच बोलला नाही.

आता फेराराच्या तटबंदीवरून, रविवारी सकाळी,
ती पुढे, मी मागे माझ्या पंचवीस किलोंवर.
ती दिसत नाही.
घंटी वाजतेय, म्हणजे आहे.
मग वाजत नाही.
मी पाय थांबवते.
खडीवर खरखर. एक शिवी,
माझ्याकडूनच उचललेली.
मी ब्रेक दाबून उभी, जात नाही, जात नाही,

मग घंटी,
जराशी वाकडी वाजणारी.